थरथरत्या हातांचा हकीम : डॉ. ज्याँ-मार्तँ शार्को

ज्यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे ते गृहस्थ आपल्या देशाचे नव्हते, आपल्या दीनाचे नव्हते, आणि त्यांना जाऊन आता एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे एका गाडी बनविणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले आणि त्याच शहरातील निराधार स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी आपले उभे आयुष्य वेचले. डॉ. ज्याँ-मार्तँ शार्को हे त्यांचे नाव. मेंदू व मज्जातंतूंच्या रोगांचे जे शास्त्र आज जगभर शिकविले जाते, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

मग आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांची आठवण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका रोगात आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस असे त्या रोगाचे नाव आहे. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एके दिवशी एका डोळ्याने धूसर दिसू लागते, डोळा हलविला की दुखतो. काही आठवड्यांनी ते आपोआप बरे होते. पुढे सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी पाय बधिर होतो, चालताना तोल जातो, पेला उचलताना हात कापतो, आणि थकवा असा येतो की अंथरुणावरून उठवत नाही. तेही काही दिवसांनी ओसरते. वरून पाहता मुलगी धडधाकट दिसते. मग घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते आळस आहे, कोणी म्हणते अभ्यास टाळण्याचे निमित्त आहे, कोणी बाहेरची बाधा झाली म्हणून ताईत बांधावयास सांगते. पालकहो, अशा दुखण्याला शरीरात खरीखुरी जागा आहे, हे जगाला ज्यांनी दाखवून दिले ते हे डॉ. शार्को. त्यांची हकीगत आपल्या मुलामुलींनी वाचावी आणि आपणही वाचावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बालपण आणि तालीम

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी झाला. वडील घोडागाड्या बांधण्याचे व सजविण्याचे काम करीत. घर अगदी गरीब नव्हते, परंतु सर्व मुलांना उच्च शिक्षण देण्याइतकी ऐपतही नव्हती. असे सांगतात की, वडिलांनी मुलांना सांगून टाकले होते, जो वर्षअखेर अभ्यासात पुढे राहील त्यालाच पुढे शिकविता येईल, बाकीच्यांनी धंदा किंवा फौज धरावी. अभ्यासात ज्याँ-मार्तँ पुढे राहिला आणि शिक्षणाचा मार्ग त्याला मोकळा झाला. एक भाऊ वडिलांच्या धंद्यात गेला.

ही गोष्ट ऐकताना शार्को यांच्या हुशारीचे कौतुक वाटते, तसेच बाकीच्या भावांचा विचारही मनात येतो. त्यांपैकी कोणात काय होते, हे कधी कोणाला कळले नाही. एका घरात एकाच मुलाला शिकविता यावे, अशी पाळी बापावर येऊ नये, यासाठीच तर शिक्षणसंस्था, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या निघतात.

मुलगा अबोल होता. चित्रकलेचा त्याला नाद होता, इतका की चित्रकार व्हावे की डॉक्टर, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. शेवटी वैद्यक निवडले, पण पेन्सिल मरेपर्यंत हातची सुटली नाही. आपल्या भाषेबरोबर इंग्रजी, जर्मन व इटालियन भाषाही ते वाचीत. परदेशांत कोणी काय शोधले याची खबर त्यामुळे त्यांना इतरांआधी मिळे. आज एखादी जादा भाषा शिकण्याचा ज्या विद्यार्थ्यांना कंटाळा येतो त्यांनी याची नोंद घ्यावी.

१८५३ साली त्यांनी संधिवातावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली. वाट मात्र सरळ नव्हती. वैद्यकशाळेत अध्यापक होण्यासाठी जी चढाओढीची परीक्षा असे तीत ते प्रथम नापास झाले. बुजरा स्वभाव आणि लोकांसमोर बोलण्याची भीती ही त्यांची मोठी अडचण होती. १८६० साली ते पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. ज्या माणसाची व्याख्याने ऐकण्यासाठी पुढे साऱ्या युरोपातून डॉक्टर येत, तो माणूस तरुणपणी भाषणाला घाबरत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गरिबांचे इस्पितळ

पॅरिसमध्ये साल्पेत्रियेर नावाचे एक प्रचंड इस्पितळ आहे. त्या जागी पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, आणि दारूत लागणाऱ्या सोऱ्यावरून हे नाव पडले. चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६५६ च्या फर्मानाने तेथे निराधारांसाठी आश्रयस्थान झाले. शार्को यांच्या काळी तेथे सुमारे पाच हजार स्त्रिया राहत. म्हाताऱ्या, वेड्या, फेपरे येणाऱ्या, पांगळ्या, घरच्यांनी सोडलेल्या अशा त्या होत्या. बहुतेकींना बरे करण्याची आशा कोणी ठेवली नव्हती. नावाजलेले डॉक्टर तेथे नेमणूक झाली तर शक्य तितक्या लवकर बदली करून घेत.

१८६२ साली शार्को तेथे मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्यांनी तेथून निघण्याची घाई केली नाही. इतरांना जेथे अडगळ दिसली तेथे त्यांना न वाचलेला ग्रंथ दिसला. आपले सहकारी डॉ. व्यूल्पियाँ यांच्याबरोबर त्यांनी दालनामागून दालन घेतले, एकेका स्त्रीला तपासले आणि तिची टिपणे लिहून ठेवली. रोगी समोर बसवून ते बराच वेळ नुसते पाहत राहत. बोलणे थोडे असे. मग तशाच लक्षणांची दुसरी रोगी बोलावीत, मग तिसरी, आणि तिघींना शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहत. रोगी मरण पावली की तिचा मेंदू व मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, जिवंतपणी दिसलेली लक्षणे आणि आत सापडलेली जखम यांचा मेळ घालीत. दिसते काय आणि आत झाले काय, या दोन टोकांना जोडण्याची ही रीत हेच त्यांचे खरे देणे होय.

आपल्या इतिहासाची ज्यांना माहिती आहे त्यांना येथे हकीम अर-राझी यांचे स्मरण होईल. रय शहरात जन्मलेल्या आणि बगदादच्या इस्पितळात काम केलेल्या या थोर हकिमाने, सुमारे हजार वर्षांपूर्वी, देवी आणि गोवर ही एकसारखी दिसणारी दोन दुखणी बारकाईने पाहून वेगवेगळी करून दाखविली होती. दोन रोगांची गल्लत सोडविणे हे नुसते पुस्तकी काम नव्हे. गल्लत सुटते तेव्हाच योग्य उपचाराची वाट मोकळी होते.

दोन कंप, दोन रोग

शार्को यांच्यापुढे अशीच एक गल्लत होती. हात थरथरणाऱ्या सर्व रोग्यांना त्या काळी एकाच दावणीला बांधीत. इंग्लंडमधील डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपाच्या एका रोगाचे वर्णन केले होते. शार्को यांनी पाहिले की काही रोग्यांचा हात स्वस्थ मांडीवर असताना कापतो आणि काम करू लागला की कंप कमी होतो. हा पार्किन्सन यांनी सांगितलेला रोग, आणि त्याला त्या डॉक्टरांचे नाव द्यावे असा आग्रह शार्को यांनीच धरला. परंतु दुसऱ्या काही रोग्यांचा हात स्वस्थ असताना शांत असतो, आणि पेला तोंडाशी नेऊ लागले की कापू लागतो. पेला जितका ओठांजवळ येईल तितका कंप वाढतो. या रोग्यांचे डोळेही आपोआप इकडून तिकडे हलत असत, आणि शब्द तुटक, एकेक अक्षर मोजल्यासारखे बाहेर पडत. कंप, डोळ्यांची हालचाल आणि तुटक बोलणे या तीन लक्षणांना वैद्यकाच्या पुस्तकांत आजही शार्को यांचे त्रिक म्हणतात. अर्थात हे तिन्ही प्रत्येक रोग्यात असतातच असे नाही.

व्याख्यानाच्या वेळी मागच्या बाकांवरील विद्यार्थ्यांनाही कंपातील फरक दिसावा म्हणून ते रोग्यांच्या डोक्यावर लांब पिसे लावलेली टोपी घालीत. पिसे कशी हलतात यावरून रोग ओळखता येई. अशी साधी युक्ती शंभर वाक्यांचे काम करते, हे आपल्या शिक्षक बंधूभगिनींना वेगळे सांगावयास नको.

या शोधामागे एका मोलकरणीची गोष्ट आहे. ती शार्को यांचे विख्यात शिष्य सिग्मंड फ्रॉईड यांनी आपल्या गुरूवरील मृत्युलेखात सांगितली आहे. तरुण असताना शार्को यांना एक मोलकरीण भेटली. तिच्या हातांना असा चमत्कारिक कंप होता की तिला कोणी कामावर ठेवीत नसे. शार्को यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. तिच्या हातून बशा आणि वाडगे एकामागून एक फुटत, आणि त्यापायी बरीच रक्कम खर्ची पडे, तरी त्यांनी तिला काढून टाकले नाही. ते तिचा रोग समजून घेत राहिले. ती वारली तेव्हा तपासणीत दिसून आले की तिच्या मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी कठीण चट्टे पडले होते. त्या बाईने आयुष्यभर धांदरट, कामचुकार ही बोलणी ऐकली असतील. तिच्या हातांचा त्यात काडीचा दोष नव्हता.

हे चट्टे शार्को यांच्या आधीही काहींनी पाहिले होते. १८३८ च्या सुमारास कार्सवेल आणि क्रुव्हेल्हिये या डॉक्टरांनी त्यांची चित्रे काढली होती. व्यूल्पियाँ यांनीही १८६६ साली असे रोगी सभेपुढे ठेवले होते. परंतु चट्टे आणि लक्षणे यांची सांगड घालून, हा एक स्वतंत्र रोग आहे, तो जिवंत माणसात ओळखता येतो, हे शार्को यांनी १८६८ सालच्या व्याख्यानांत व लेखांत ठामपणे मांडले. चट्ट्यांवरून त्यांनी त्याला फ्रेंच नाव दिले, त्याचेच पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाले. स्क्लेरोसिस म्हणजे कठीण होणे, आणि मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते तसे मज्जातंतूवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. चट्ट्याच्या जागी हे वेष्टन नाहीसे झाले होते, पण आतला तंतू बऱ्याच ठिकाणी शाबूत होता. तार उघडी पडली होती, तुटली नव्हती. म्हणूनच संदेश अडखळत जातो, कधी थांबतो, कधी पुन्हा सुरू होतो. दुखणे येते आणि ओसरते याचा पुष्कळसा उलगडा यातून होतो. ओसरले म्हणून ते खोटे ठरत नाही.

कीर्ती, आणि चुकाही

पुढे शार्को यांची कीर्ती चहूकडे पसरली. १८६९ साली त्यांनी स्नायू झिजवून टाकणाऱ्या एका भयंकर रोगाचे वर्णन केले, त्याला फ्रान्समध्ये आजही त्यांचेच नाव आहे. १८८२ साली त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे खास अध्यासन निर्माण झाले. फ्रॉईड, बाबिन्स्की, पिएर मारी, जिल द ला तुरेत असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. ब्राझीलचे बादशहा दुसरे पेद्रो त्यांचे स्नेही होते. प्राण्यांवर त्यांची माया होती, घरात पाळलेले माकड होते, आणि जिवंत प्राण्यांवर प्रयोग करण्याचा त्यांना तिटकारा होता.

परंतु वाचकहो, थोरांच्या चरित्रात चुका झाकून ठेवू नयेत. आयुष्याच्या उत्तरार्धात शार्को हिस्टेरिया आणि संमोहन यांच्या मागे लागले. भरल्या सभागृहात रोगी स्त्रियांना संमोहित करून दाखविण्यात येई. त्यांच्या मृत्यूनंतर हे सिद्धांत फार दिवस टिकले नाहीत. १८८८ साली एका विद्यार्थिनीने स्त्री डॉक्टरांविषयी प्रबंध सादर केला तेव्हा परीक्षक मंडळाचे अध्यक्ष शार्को होते, आणि स्त्रियांनी वैद्यकात वरच्या जागांची अपेक्षा धरावी हे त्यांना रुचले नाही. त्या विद्यार्थिनीला पदवी मात्र मिळाली. ज्या स्त्रियांच्या दुखण्यातून त्यांनी शास्त्र उभारले, त्यांच्याच लेकींना डॉक्टर म्हणून बरोबरीची जागा देताना त्यांचे मन कचरले. आज जगभर मल्टिपल स्क्लेरोसिसवर संशोधन करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, हाच त्या आक्षेपाला मिळालेला जबाब आहे.

दुसरी खंत अशी की हिस्टेरिया हा शब्द पुढे इतका सोयीचा झाला की मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या अनेक स्त्रियांच्या माथी तोच मारण्यात आला. जो रोग शार्को यांनी उजेडात आणला होता, तोच पुन्हा मनाचा खेळ म्हणून अंधारात ढकलला गेला.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी, सुट्टीत प्रवासाला गेले असताना, फुप्फुसात पाणी भरून त्यांचा अंत झाला. वय सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांचे चिरंजीव ज्याँ-बातीस्त हेही डॉक्टर झाले, परंतु नाव कमावले ते ध्रुवप्रदेशांचे संशोधक म्हणून. १९३६ साली आइसलँडजवळ वादळात त्यांचे जहाज बुडून ते मरण पावले.

राहिलेला प्रश्न

मल्टिपल स्क्लेरोसिसवर शार्को यांनी सोन्याचे व चांदीचे क्षार, कुचल्याचे सत्त्व, विजेचे झटके असे त्या काळचे सर्व उपाय करून पाहिले. गुण आला नाही, आणि तसे त्यांनी लपविले नाही. रोगाचे कारणही त्यांना सापडले नाही. दीर्घकाळचे दुःख, काळजी, ओल आणि थंडी यांचा संबंध असावा असे त्यांना वाटे. शिष्य पिएर मारी यांनी १८८४ साली हा रोग संसर्गामुळे जडत असावा असे मत मांडले.

आज आपल्याला पुष्कळ अधिक माहिती आहे. जंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी फौज आहे तिच्यातील काही पेशी बहकतात, मेंदूत शिरतात आणि मायलिनवरच हल्ला करतात. त्यांतून चट्टे पडतात. २०२२ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी फौजेतील एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी तपासून दाखविले की एपस्टीन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. हा विषाणू जगातील बहुतेक माणसांना केव्हा ना केव्हा गाठतोच, आणि त्यांतील फारच थोड्यांना हा रोग होतो. रोग स्वतः एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्याशी लग्न केल्याने तो जडत नाही.

पाठराखीण प्रथिने

विद्यार्थी मित्रांनो, आता ज्या शोधाची हकीगत सांगावयाची आहे तो पॅरिसपासून दूर, इटलीत, अगदी वेगळ्या कामातून लागला. फेरुच्चो रितोस्सा नावाचे शास्त्रज्ञ फळमाश्यांवर काम करीत. कोणीतरी त्यांच्या उबवणीपेटीचे तापमान चुकून वाढविले. माश्यांच्या पेशींतील गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आलेले त्यांना दिसले. हा शोध त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला, पण त्याचे महत्त्व लोकांना लगेच उमगले नाही. १९७४ साली कळले की उष्णता लागताच पेशी काही खास प्रथिने झपाट्याने तयार करते. त्यांना उष्माघात-प्रथिने किंवा ताणप्रथिने म्हणतात.

त्यांचे काम काय? अंडे उकडले की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होतो, हे आपण रोज पाहतो. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते आणि ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. पेशीत ताप, विषारी द्रव्ये, प्राणवायूची टंचाई किंवा सूज यांमुळे हेच होऊ पाहते. ताणप्रथिने अशा वेळी विस्कटू लागलेल्या प्रथिनाला धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत, आणि शक्य झाल्यास पुन्हा घडी बसविण्यास मदत करतात. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, ती जशी मुलीला सांभाळते तशी ही प्रथिने. येथे ताण हा शब्द पेशीवर पडणाऱ्या माऱ्याचा आहे. मनाच्या चिंतेशी त्याची गल्लत करू नये.

या पाठराखणींपैकी अल्फा-बी क्रिस्टॅलिन नावाचे प्रथिन आपल्या डोळ्याच्या भिंगात असते. १९९५ साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांना आढळले की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांच्या मेंदूत, मायलिन तयार करणाऱ्या पेशींतही ते असते, आणि शरीराच्या फौजेतील पेशी त्याच्यावर जोराने चाल करून येतात. म्हणजे हेच प्रथिन हल्ल्याचे निशाण ठरत असावे, असा संशय आला. पण २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा चित्र उलटे दिसले. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते त्यांना याच रोगासारखे दुखणे अधिक तीव्र झाले, आणि आजारी उंदरांना ते बाहेरून दिले असता दुखणे कमी झाले. सूज आवरणारे आणि पेशीला मरू न देणारे ते एक राखणदार ठरले. मग राखणदारावरच फौज का उलटते? २०२३ साली स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक धागा दाखविला. एपस्टीन-बार विषाणूच्या एका प्रथिनाचा काही तुकडा अल्फा-बी क्रिस्टॅलिनच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे. विषाणूविरुद्ध शिकलेली फौज काही माणसांत या साम्याने फसते आणि आपल्याच राखणदाराला शत्रू समजते. पिएर मारी यांच्या जुन्या तर्काला असा एक दुवा मिळाला.

येथे अतिशयोक्ती करू नये. रोगाची ही संपूर्ण कारणमीमांसा नव्हे, आणि या प्रथिनापासून रोग्यांसाठी मान्यता पावलेले औषध अजून निघालेले नाही. गरम पाण्याने किंवा उन्हात बसून ताणप्रथिने वाढवावीत असा खुळा विचारही कोणी करू नये. या रोगात अंग तापले की दृष्टी व चाल तात्पुरती बिघडते, म्हणून रोग्याला उन्हाळ्यात गारवा मिळेल असे पाहावे.

दुसरी औषधे मात्र निघाली आहेत. शार्को यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, इंटरफेरॉन-बीटा हे या रोगाचे हल्ले कमी करणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. त्यानंतर अनेक औषधे आली. रोग मुळापासून जात नाही, परंतु लवकर ओळखून उपचार सुरू केला तर पुष्कळ जण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. एमआरआय यंत्राने तर जिवंत माणसाच्या मेंदूतील चट्टे दिसतात, जे पाहण्यासाठी शार्को यांना रोग्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागे.

आपल्यापुरते

२०२० सालच्या जागतिक गणनेप्रमाणे या रोगाचे सुमारे अठ्ठावीस लाख लोक जगात होते. युरोपाच्या मानाने हिंदुस्थानात प्रमाण कमी आहे, पण रोग आपल्याकडेही आहे. अशा रोग्यांना साहाय्य करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांना मान्यता आहे त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. ज्या विद्यार्थ्याला या रोगामुळे चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्याच्यासाठी सरकारी व अनुदानित संस्थांच्या उच्च शिक्षणात किमान पाच टक्के राखीव जागांची तरतूद आहे. ही माहिती गरजू घरापर्यंत पोहोचविणे हेही पुण्याचेच काम आहे.

पालकहो, घरातील मुलगी वा मुलगा एका डोळ्याने धूसर दिसते म्हणाला, वारंवार हातपाय बधिर होतात म्हणाला, तर दुखणे ओसरले म्हणून विसरू नका. मज्जारोगांच्या डॉक्टरला दाखवा. दुआ जरूर करा, पण दुआबरोबर दवाही करा. आणि सर्वांत आधी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, शार्को यांच्यापाशी एमआरआय नव्हते, ताणप्रथिनांचे नावही त्यांनी ऐकले नव्हते. त्यांच्यापाशी डोळे होते, पेन्सिल होती, आणि बशा फोडणाऱ्या मोलकरणीला घरात ठेवून घेण्याइतका धीर होता. चट्टे का पडतात हा त्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. राखणदार प्रथिनांना पुन्हा कामाला लावून मायलिन कसे वाचवावे, याचे उत्तर कोणत्या तरी प्रयोगशाळेत कोणीतरी शोधीत आहे. ते शोधणाऱ्यांत उद्या आपल्या संस्थेच्या वर्गांतून गेलेली एखादी मुलगी किंवा मुलगा असावा, अशी उमेद आपण का धरू नये? अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि त्या इल्मबरोबर दुखणेकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारे कानही देवो.